लाईट आणि लाईन : मार्क द्यायचे की कापायचे?

शिकवणीवाला

मंडळी, मी आठवी ते दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो, जुळे सोलापुरात. परवा पोरांना दोन साधे शब्द दिले, लाईट आणि लाईन. प्रत्येकाची पाच वाक्यं लिहा, प्रत्येक वाक्यात अर्थ वेगळा पाहिजे. पुस्तकात शोधू नका, घरीदारी कानावर काय पडतं ते आठवा, असं मीच सांगितलं होतं. वह्या जमा झाल्या आणि तेव्हापासून लाल पेन हातात धरून नुसता बसलोय.

नमुने बघा. इंग्रजी वाक्यं आपल्या लिपीत देतो.

'द लाईट हॅज गॉन सिन्स मॉर्निंग.'

'माय मदर ड्रिंक्स लाईट टी.'

'माय अंकल इज इन ट्रक लाईन.'

'अवर लाईन कम्स ॲट नाईट, सो माय फादर स्लीप्स इन डे.'

आणि सगळ्यात भारी हे: 'इन अवर हाऊस लाईट इज देअर बट लाईन इज नॉट देअर.'

शेवटची दोन एकाच पोराची. दक्षिण सोलापूर तालुक्यातून एसटीनं येतो, हुशार आहे. इंग्लंडच्या माणसाला या वाक्यांतून काही म्हणजे काही उमगणार नाही, आणि मला मात्र एका दमात सगळं समजलं. पंचाईत तीच आहे.

तर प्रश्न असा की इंग्रजी म्हणून मार्क कापायचे, की हे शब्द आता आपलेच आहेत असं धरून चालायचं? आणि तुमच्याकडे या दोन शब्दांचे आणखी काय काय अर्थ चालतात तेही लिहा. पुढच्या तासाला फळा भरायचाय.

कडकभाकरी

पहिला नंबर माझा.

पूर्ण मार्क द्या मास्तर. ज्या गावात 'लाईट गेली' म्हटल्यावर 'कुठं गेली?' असं कुणी विचारत नाही, त्या गावात ते वाक्य बरोबरच की.

नियमावली

असहमत. बोर्डाचा परीक्षक सोलापूरचाच असेल असं नाही. 'द पॉवर हॅज गॉन आऊट' किंवा 'देअर इज अ पॉवर कट' हे बरोबर. 'द लाईट हॅज गॉन' म्हटलं तर फार तर दिवस मावळला असा अर्थ निघेल. 'लाईट टी' एक वेळ चालवून घेता येईल. पण लाईन येते, लाईन जाते, हे इंग्रजीत कुठून आलं? तो मुलगा उद्या बंगळुरूला मुलाखतीत हेच बोलला तर समोरचा हसेल, आणि तेव्हा त्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसाल. मार्क कापा, पण शेजारी बरोबर वाक्य लिहून द्या. यात मुलाचा अपमान नाही, फायदा आहे.

विहिरीवरचा

ज्याला त्या पोराचं शेवटचं वाक्य कळलं न्हाई त्यानं एकदा आमच्या वस्तीवर मुक्कामाला यावं.

लाईट म्हंजे घरातली. बल्ब, पंखा, टीव्ही, मोबाईलचं चार्जिंग. त्याला सिंगल फेज पुरते. लाईन म्हंजे थ्री फेज, मोटार उचलणारी. ती ठराविक तासच मिळती. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रातची. घरात बल्ब लख्ख पेटलाय आन विहिरीवर मोटार गप, हे आमच्यात रोजचं हाय. लाईट हाय, लाईन न्हाई. त्या पोरानं चुकीचं काय लिवलंय?

बाप दिवसा झोपतो तेबी खरं. रातीच्या पाळीला लाईन येती. स्टार्टरला ऑटो बसवला की मोटार आपोआप चालू होती, पण दारं धराय, म्हंजे पाणी एका सरीतनं दुसरीत वळवाय, माणूस लागतंच. पाणी कुठल्या सरीत शिरलंय ते ऑटो सांगत न्हाई. बॅटरी घ्यायची, पायात गमबूट चढवायचे, साप-इंचू बघत फिरायचं. एका कोपऱ्यावर पोचावं तर दुसरीकडनं बांध फुटतो. त्यात डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरपाशी, फेज उडाला की मोटार नुसती हुं हुं करती. तवा पळत जाऊन बंद केली न्हाई तर वायंडिंग जळतं, आन रिवायंडिंगचा खर्च कांद्यातनं निघत न्हाई.

साहेब, 'पॉवर कट' म्हटलं की हे सगळं त्यात येतं व्हय?

कडकभाकरी

काका, मानलं.

मास्तर, टीप घ्या: 'बॅटरी' म्हणजे टॉर्च. पुढच्या महिन्याचा शब्द मिळाला.

नियमावली

विहिरीवरचा, तुमचा मुद्दा पटला, पण तो तुमच्या बाजूनं जात नाही. इतका बारकावा आहे म्हणूनच मुलाला 'थ्री-फेज सप्लाय' हे दोन शब्द शिकवायला हवेत. 'द थ्री-फेज सप्लाय कम्स ओन्ली ॲट नाईट' असं त्यानं लिहिलं की जगात कुठल्याही इलेक्ट्रिशियनला समजेल.

पुण्यात_अडकलेली

मी मूळची सात रस्त्याजवळची, आता नोकरीसाठी पुण्यात. इथे वेगळाच घोळ. इथे लाईट 'जाते' असं नाही, लाईट 'गेले' म्हणतात. 'लाईट गेले वाटतं.' मी 'लाईट गेली' म्हटलं की ऑफिसातली मैत्रीण लगेच ओळखते, ही तिकडची. मी तिला सांगितलं, आमची लाईट एकटी जाते, तुमचे घोळका करून जातात.

नियमावली

याचं उत्तर सोपं आहे. तुम्ही मनात 'वीज गेली' म्हणता, त्या मनात 'दिवे गेले' म्हणतात. वर शब्द इंग्रजी बसवला तरी खालचं लिंग-वचन मराठीच राहतं.

पुण्यात_अडकलेली

अय्या, खरंच की! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण मग 'लाईटी लावल्या का?' हे काय? आमची आजी संध्याकाळी हेच विचारायची.

कडकभाकरी

आजीकडे वीजही होती आणि दिवेही होते. आजीचा लोड जास्त.

पूर्वभाग

आमच्या घरात तुमची लाईटही नाही आणि लाईनही नाही. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. 'करंट पोयिंदी.' शेजारचे कन्नड, ते म्हणतात 'करेंट होयतु'. मी शाळेत मराठी माध्यमात, तिथं 'लाईट गेली'. म्हणजे अंधार एकच, पण आमच्या गल्लीत तीन तऱ्हेनं ओरड व्हायची. गंमत म्हणजे तिन्हीकडे शब्द इंग्रजीच, फक्त कुणी करंट उचलला, कुणी लाईट.

आता मास्तरांसाठी एक वाक्य देतो, आमच्या कारखान्यातलं. 'लाईट गेली की लाईन पडते.'

समजावून सांगतो. टॉवेल विणताना माग मध्येच बंद पडला तर ताणा, म्हणजे उभे धागे, त्याच ताणात उभा राहतो आणि थोडा सैल होतो. करंट परत आल्यावर माग चालू केला की पहिल्या काही फेऱ्यांत बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा आधीसारखा ठोकून बसत नाही, कुठं विरळ, कुठं दाट. तयार कापड उजेडात आडवं धरलं की तिथं सरळ आडवी रेघ दिसते. धुतली तरी जात नाही. चांगला कामगार माग हातानं थोडा मागं घेऊन, धागा जुळवून मग चालू करतो, तरी नजर तयार असलेल्या व्यापाऱ्याला ती दिसतेच. बोट ठेवतो आणि म्हणतो, 'लाईन हाय बघा.' तो माल सेकंडमध्ये जातो.

वडील दिवसभरात किती वेळा करंट गेला हे वहीत लिहीत नसत. संध्याकाळी टॉवेल मोजताना आपोआप कळायचं.

शिकवणीवाला

पूर्वभाग, 'लाईट गेली की लाईन पडते' फळ्यावर सगळ्यात वर लिहिणार. धन्यवाद.

शिवणयंत्र

आमचा युनिफॉर्मचा धंदा आहे, शाळांचे गणवेश शिवतो. आमच्याकडे 'लायनिंग' या एका शब्दानं रोज भांडण. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं 'लायनिंगचा शर्ट पाहिजे'. त्याला म्हणायचं असतं रेघारेघांचा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा. आमचा नवीन कटर समजतो अस्तर लावायचंय. शर्टाला अस्तर कशाला असं त्याला वाटलं तरी विचारत नाही. आता नियमच केलाय, ऑर्डरबुकात 'लायनिंग' शब्द लिहायचा नाही. एक तर 'पट्टे' लिहा नाही तर 'अस्तर'.

ओळंबा

बांधकामात बघा, आमची 'लाईनदोरी'. भिंत सरळ यावी म्हणून दोन टोकांना खिळे मारून ताणतो ती दोरी. मिस्त्री पोराला ओरडतो, 'लाईन धर!' म्हणजे दोरी धर. मास्तर, हे वाक्य इंग्रजीत कसं लिहाल?

शब्दवेडी

ओळंबा आणि शिवणयंत्र, तुम्ही दोघांनी नकळत या शब्दाच्या मुळालाच हात घातलाय, म्हणून जरा लांबण लावते.

लाईन हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून आला. लिनेआ म्हणजे लिननचा धागा, सुतळी. आणि तो आला 'लिनुम'वरून, म्हणजे जवस. जवसाच्या खोडातल्या तंतूंपासून जो धागा निघतो त्याचं लिनन. म्हणजे आधी धागा, मग ताणलेली दोरी, मग दोरीसारखी सरळ रेघ, मग रांग, मग मार्ग, मग तार. मिस्त्री 'लाईन धर' म्हणतो तेव्हा तो शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ वापरतोय. 'लाईनदोरी' म्हणजे खरं तर दोरीदोरी.

लायनिंगसुद्धा तिथूनच. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायचे, त्यावरून. म्हणजे तुमच्या ऑर्डरबुकातलं भांडण एकाच जवसाच्या दोन फांद्यांचं आहे. लिनसीड ऑईलमधलं लिन तेच, फरशीवर अंथरायचं लिनोलियम तेच, कारण ते जवसाच्या तेलापासून करायचे.

लाईटची गोष्ट उलटी आहे. उजेडाचा लाईट आणि हलका या अर्थाचा लाईट हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीतून घासत घासत एकाच रूपावर येऊन ठेपले. उजेडवाल्याचे नातेवाईक म्हणजे लॅटिन 'लुक्स', आणि आपल्याकडचं संस्कृत 'रुच्', चमकणे. हलक्या लाईटचा भाऊ म्हणजे आपला 'लघु'. आणि इंग्रजीतला फुफ्फुसाचा 'लंग'सुद्धा त्याच घरातला, कारण तो अवयव वजनाला हलका.

तर लाईन हा एक शब्द फुटून पन्नास झाले, आणि लाईट हे दोन शब्द मिळून एक दिसायला लागले.

कडकभाकरी

लघु म्हणजे लाईट? मग लघुशंका म्हणजे लाईट डाऊट. मास्तर, तासाला एखाद्या पोरानं करंगळी वर केली तर इंग्रजीत परवानगी मागायला सांगा.

पुण्यात_अडकलेली

कडकभाकरी 😂 😂

शब्दवेडी ताई, जवसाचं वाचून जवसाची चटणी आठवली. आता रात्री अकराला कुठून आणू?

विहिरीवरचा

जवस आमच्यात आधी ज्वारीच्या कडंनं पेरायचे, घरापुरतं. त्या दांड्यातनं कापड निघतं हे आज कळलं. आम्ही दाणं झोडून घ्यायचो आन दांडं चुलीत घालायचो.

शब्दवेडी

काका, चुलीत घातलेत ते योग्यच केलंत. तेलाचा जवस बुटका आणि फांद्या फुटणारा, धाग्याचा वेगळा, उंच सरळ वाढणारा. आपल्याकडच्या दांड्यातून चांगलं कापड निघालं नसतंच.

पूर्वभाग

आणि निघालं असतं तरी सोलापुरात सुतासमोर टिकलं नसतं. चादर ती सुतीच.

लाईनबॉय

नावावरून कळलं असेलच. पोलीस लाईनीत वाढलो. आम्हाला बाहेरचे लोक 'लाईन बॉय' म्हणतात, आम्हीही अभिमानानं म्हणतो. इथली लाईन म्हणजे घरांची रांग. पलटणीच्या बराकी ओळीनं उभ्या असायच्या, त्यावरून 'लाईन्स' हा शब्द आला आणि सगळ्या देशभर छावणीच्या गावांत चिकटला. आपल्याकडे 'रेल्वे लाईन्स' हा भाग आहे. तिथं राहणाऱ्या मित्राला रिक्षावाला विचारतो, 'रेल्वे लाईन्समध्ये लाईनीच्या अलीकडं का पलीकडं?' एकाच वाक्यात वस्तीही आली आणि रूळही आले.

बाकी आमच्या लाईनीतले अर्थ: पाण्याच्या टँकरला लाईन लागली, लाईन फुटली (पाईप), लाईन तोडून मध्ये घुसला, पोरगं लाईनीवर आलं (सुधारलं), पोरगं चुकीच्या लाईनला लागलं (बिघडलं), दहावीनंतर कुठल्या लाईनला घातलं (सायन्स की कॉमर्स), आणि लाईन मारणे. शेवटचं आमच्याकडे अवघड होतं, कारण प्रत्येक पोरीचा बाप खात्यात.

पुण्यात_अडकलेली

'लाईन मारणे' मुलं करतात, 'लाईन देणे' हे मुलींच्या नावावर खपवतात. आम्ही नुसतं बसस्टॉपवर उभं राहून घड्याळ बघितलं तरी 'लाईन देतेय'. हा अर्थ फळ्यावर नको मास्तर, पण वर्गात एकदा बोला मात्र यावर.

शिकवणीवाला

बोलतो. एका पोरानं लिहिलंच होतं ते, मी पान उलटून पुढे गेलो होतो.

कडकभाकरी

सगळे लाईनच्याच मागं लागलेत. लाईटकडे कोण बघणार? 'बार्शी लाईट'चं नाव अजून कुणी काढलं नाही, शेम शेम. आपल्या जिल्ह्यात पहिली विजेचे दिवे असलेली गाडी, म्हणून बार्शी लाईट.

कुर्डुवाडी_जंक्शन

नाही हो नाही. हे ऐकून ऐकून कान किटले. रेल्वेतून निवृत्त झालोय, म्हणून राहवत नाही.

बार्शी लाईट रेल्वेतला लाईट म्हणजे दिवा नव्हे. लाईट म्हणजे हलकी. मोठ्या गाडीला जाड रूळ, भक्कम पूल, रुंद भराव लागतो आणि खर्च बेसुमार होतो. त्याऐवजी अरुंद रूळ, हलके डबे, वळणं घेत जाणारा मार्ग, म्हणजे लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली, १८९७ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. रूळ गजाला तीस पौंडाचे, आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही असं गणित. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याला दाखवायचं होतं आणि त्यानं दाखवलं.

सुरुवातीला आमच्या स्टेशनपासून बार्शी गावापर्यंतच होती. तेव्हा आमच्या स्टेशनचं नावच बार्शी रोड. पुढे एका बाजूनं लातूरपर्यंत गेली १९११ मध्ये, दुसऱ्या बाजूनं पंढरपूरवरून मिरजेपर्यंत १९२७ मध्ये. वारीच्या दिवसांत माणसं कशी भरायची ते काय सांगू. डब्यात, दांड्यावर, टपावर. हलकी गाडी म्हणून हलका भार, हे आषाढीत कुणी ऐकत नसे.

आता सगळी ब्रॉडगेज झाली. रूळ गेले तरी जुनी माणसं अजून 'लाईटनं जातो' म्हणतात. माझ्या आत्याच्या तोंडी 'लाईट चुकली' म्हणजे गाडी चुकली.

ता. क. तो कॅल्थ्रॉप पुढे पॅराशूटच्या नादी लागला. 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्याचंच. आयुष्यभर हलकं कसं करायचं हाच उद्योग.

कडकभाकरी

बार्शीकरांची आणि जंक्शन काकांची जाहीर माफी. दिवा विझवला.

पण काका, 'लाईट चुकली' म्हणजे गाडी चुकली, हे मास्तरांच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

लाईनबॉय

काकांच्या पोस्टवरून आठवलं. माझा मामेभाऊ मराठा लाईट इन्फंट्रीत आहे. लहानपणी आमची ठाम समजूत होती की तो सैन्यात दिवे बसवायचं काम करतो. गावात लग्न असलं की त्याला सांगायचे, 'तू लाईटवाला, माळा लावून दे.' बिचारा लावायचा. तिथंही लाईट म्हणजे हलकी, कमी सामान घेऊन चपळाईनं पुढं जाणारी पायदळाची तुकडी.

पुण्यात_अडकलेली

आणि कुणी चिडलं की 'लाईट घे ना यार'. तेही हलकंच.

शिवणयंत्र

लाईट पिंक, लाईट ब्लू. गणवेशात यावरून शाळा आणि आमच्यात महिनाभर नमुने फिरतात. 'लाईट' म्हणजे नेमकं किती लाईट हे आजपर्यंत एकाही मुख्याध्यापकांनी सांगितलेलं नाही.

ओळंबा

अवांतर: गड्ड्याच्या यात्रेतली 'लायटिंग' राहिली की. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराची रोषणाई तळ्याच्या पाण्यात दिसते, तिला कुणी दीपमाळ म्हणत नाही, 'लायटिंग बघायला जाऊ' म्हणतात. लाईट आणि लायटिंगमध्ये फरक आहे. लाईट बिल येतं ती लाईट, वर्गणी द्यावी लागते ती लायटिंग.

शब्दवेडी

ओळंबा, ही व्याख्या शब्दकोशात जायला हवी.

लायटिंगवरून एक भर. 'लाईमलाईट'मध्ये लाईम म्हणजे लिंबू नव्हे, चुना. विजेचे दिवे येण्याआधी नाटकाच्या रंगमंचावर चुन्याचा गोळा ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत तापवायचे. तो पांढराशुभ्र झळाळायचा आणि तो झोत मुख्य नटावर टाकायचे.

कडकभाकरी

म्हणजे पुढारी लाईमलाईटमध्ये येतो तेव्हा चुना लागलेला असतोच. फक्त कुणाला, तेवढं बघायचं.

नियमावली

मूळ प्रश्नाकडे येऊ का? दोन दिवसांत मास्तरांना भरपूर मजकूर मिळाला, उत्तर मिळालं नाही.

वरची चर्चा वाचून माझं मत थोडं सरकलं आहे, पूर्ण बदललेलं नाही. 'लाईट गेली', 'लाईन आली', 'लायनिंगचा शर्ट', 'लाईनदोरी' हे मराठी शब्द आहेत, मान्य. त्यांना मराठीचं लिंग आहे, वचन आहे, विभक्ती लागते. 'लाईनीवर', 'लाईटीत', कुठला इंग्रज असं म्हणेल? पण म्हणूनच इंग्रजी वाक्यात ते मराठी शब्दच ठरतात. इंग्रजीच्या पेपरात मुलानं मध्येच 'वीज' लिहिलं तर मार्क द्याल का? फक्त इथे वीज इंग्रजी वेश घालून आली आहे, म्हणून आपण फसतो.

विहिरीवरचा

हे पटलं. पण मग मास्तरनीच सांगितलं व्हतं घरी कानावर पडतं ते लिवा. पोरानं तेच लिवलं. प्रश्न मास्तरचा चुकला, मार्क पोराचं का कापायचं?

पूर्वभाग

+१. नोटीस एकाला आणि वसुली दुसऱ्याकडून, असं नको.

शिकवणीवाला

सगळ्यांचं वाचलं. काल तास झाला, काय केलं ते सांगतो.

फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'घरची वाक्यं', उजवीकडे 'पेपरची वाक्यं'. डावीकडच्याला अर्थासाठी मार्क, उजवीकडच्याला इंग्रजीसाठी. मग एकेक वाक्य डावीकडून उजवीकडे न्यायला लावलं. 'लाईट हॅज गॉन'चं 'द पॉवर हॅज गॉन आऊट' सगळ्यांना लगेच जमलं. 'लाईट टी'वर अर्धा तास गेला. आईचा चहा फिका असतो, कमी दुधाचा असतो की कमी पत्तीचा, यावर वर्गात दोन तट पडले. शेवटी 'वीक टी' उजवीकडे लिहिलं, तर ती पोरगी रागावली, 'सर, माझ्या आईचा चहा वीक नसतो.' 'ट्रक लाईन'चं 'ही वर्क्स इन ट्रान्सपोर्ट' झालं.

त्या दक्षिण तालुक्याच्या पोराला मी 'थ्री-फेज सप्लाय' सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि मग उभा राहून विचारलं, 'सर, पण फोनवर वडील एवढं लांब कशाला बोलतील? मोटार चालू करायला पळायचं असतं.' त्याला डावीकडचे पूर्ण मार्क दिले, उजवीकडचेही दिले. नियमावली साहेबांनी राग मानू नये.

'लाईन मारणे' आणि 'लाईन देणे' यावर पाच-दहा मिनिटं बोललो. मागच्या बाकावर एकदम शांतता होती. मुलींनी मात्र दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं द्यायला पुढच्या तासाला माझ्या बायकोलाच बोलावणार आहे, ती महाविद्यालयात शिकवते.

नियमावली

राग कसला. उजवीकडचं वाक्य त्याला आलं ना, माझं काम झालं.

शब्दवेडी

मास्तर, चहाच्या तटात मी त्या पोरीच्या बाजूनं.

विहिरीवरचा

मास्तर, एक नवीन घ्या. आमच्या बांधाला बांध असलेल्या भावकीनं सोलर पंप बसवलाय. त्याला आता रातपाळी न्हाई, ऑटो न्हाई, डीपीचं झंझट न्हाई. लाईन हा शब्दच त्याच्या तोंडातनं गेला. सकाळी चहा पीत पीत पोराला इचारतो, 'ऊन आलं का रं?'

शिकवणीवाला

वा. म्हणजे पुढच्या वर्षी वहीत काय येईल ते दिसायला लागलं. 'अवर सन कम्स ॲट नाईन, देन वॉटर कम्स.'

कडकभाकरी

मोठ्यानं वाचून दाखवू नका मास्तर. परीक्षकाला वाटेल पोरगा रात्रभर बाहेर असतो, नऊला घरी येतो आणि आल्या आल्या पाणी मागतो.